आठवी शेपटी

९ सप्टेंबर, मंगळवार

पोचले एकदाची! मेढ्याहून पहिल्या गाडीनं निघाले, साताऱ्यात आणि विट्यात गाडी बदलली, आणि तासगावच्या स्टँडवर उतरले तेव्हा पाठीचा पार भुगा झाला होता. पितृपक्षात नवी नोकरी धरू नये म्हणून आईनं चार दिवस डोकं खाल्लं. मी म्हटलं, पितरांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, ते आडवे येणार नाहीत. आई हसली नाही. दसऱ्याला घरी यायचं कबूल केल्यावरच तिनं डबा भरला.

कोल्ड स्टोरेज गावाबाहेर तीन किलोमीटरवर, द्राक्षबागांच्या मधोमध आहे. मालक लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेत, मिशी मात्र अजून ड्युटीवर आहे. मला सव्विसाव्या वर्षी 'म्याडम' म्हणणारा हा पहिला माणूस, त्यामुळे ते मला लगेच आवडले. राहायची सोय अंजनाताईंकडे झाली. त्या कोल्डवरच बेदाणा निवडायला असतात. मुलगा जम्मूला पलटणीत, घरात एकट्या. मी पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी ताट वाढलं आणि बजावलं, "पोरी, हितं लाजायचं न्हाई. लाजणारी मानसं उपाशी ऱ्हात्यात." मी तीन भाकरी खाल्ल्या.

१० सप्टेंबर, बुधवार

काम समजून घेतलं. चालू चेंबर सात. एकेक मंगल कार्यालयाएवढं, आत बेदाण्याचे बॉक्स पार छतापर्यंत, तापमान चार अंश. प्रत्येकाच्या दाराशेजारी एक डबा बसवलेला आहे. तो दर मिनिटाला एक ओळ पाठवतो: तारीख, वेळ, आतलं तापमान, दार उघडं की बंद, आणि घंटा. घंटा म्हणजे आतल्या भिंतीवरचं लाल बटण. कुणी आत कोंडलं गेलं तर त्यानं ते दाबायचं, मग इथे कॉम्प्युटर बोंबलतो.

जुना कॉम्प्युटर उन्हाळ्यात मेला. नव्याला ह्या जुन्या पद्धतीच्या वायरी जोडायला जागाच नाही. म्हणून आठ पोर्टांचं कार्ड मागवलंय, आणि ते बसवायला मला. सातच चेंबर आणि पोर्ट आठ कशाला, तर आठवं चेंबर दोन वर्षं बंद होतं, ते आता दुरुस्त करून उणे अठरावर चालवायचं आहे. त्यात गोठवलेला मका येणार. मुहूर्त खंडेनवमीचा काढलाय, कारण पितृपक्षात लालासाहेब बल्बसुद्धा नवा लावत नाहीत. मला मात्र नेमलं. यावरून माझी किंमत कळते.

हमालांचे मुकादम तानाजीराव जतकडचे. त्यांनी मला इथला कायदा सांगितला. चेंबरमध्ये जाणाऱ्यानं बाहेरचं पायताण दाराशीच काढायचं. "दाराम्होरं पायताण दिसलं तर मानूस आत. न्हाई दिसलं तर आत कोन न्हाई, लावायची कडी. बारा वर्सं झाली, एकबी मानूस कोंडला न्हाई." मी म्हटलं, त्यापेक्षा रजिस्टर ठेवा, सही करून आत जावं. त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

कार्ड बसलं! हाताच्या पंजाएवढं आहे. मागे एकच रुंद तोंड, त्यातून एक जाड वायर निघते आणि पुढे तिच्या आठ शेपट्या होतात. एकेक शेपटी एकेका चेंबरला. सोबत आलेली पत्र्याची पट्टी बुटक्या कॅबिनेटची निघाली, आमचं कॅबिनेट उंच. दोन स्क्रू काढून लांब पट्टी लावली. कार्ड खाचेत 'टक' वाजेपर्यंत दाबावं लागतं, आणि मालक मिशी घेऊन मागे उभे असले की अंगठा घसरतो.

ड्रायव्हर टाकल्यावर आठही पोर्ट दिसले, पण कॉम्प्युटरनं त्यांना तीनपासून दहापर्यंत नंबर दिले आणि तेही मनाला येतील तसे. ते सरळ करण्यात दुपार गेली. शेपट्यांना चिठ्ठ्या चिकटवून पेन्सिलीनं आकडे घातले. माहितीचा वेग जुन्या डब्यांना चालतो तोच ठेवला. पाचच्या सुमाराला पडद्यावर पहिली ओळ उमटली: ४.१ अंश, दार बंद, घंटा शून्य. मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

१३ सप्टेंबर, शनिवार

सातही चेंबर बोलायला लागले. लालासाहेबांनी पेढा दिला.

एक गंमत झाली. आठव्या शेपटीला काहीच जोडलेलं नाही. तिच्या टोकाला रबरी टोपी आहे आणि ती टेबलाच्या पायाला गुंडाळून ठेवली आहे. तरी ११ वाजून ५२ मिनिटांनी आठव्या पोर्टावर ओळ आली: २८.४ अंश, दार बंद, घंटा शून्य. मग दर मिनिटाला येत राहिली, तापमान घसरत घसरत. १२.०५ ला घंटा एक झाली आणि कॉम्प्युटर बोंबलला. तानाजीराव धावत आले. मी सांगितलं, शेजारच्या वायरींची गळती आहे, घाबरू नका. आठव्या चेंबरचा डबा तर माझ्या कपाटात आहे, थर्माकोलमध्ये, अजून न उघडलेला.

१५ सप्टेंबर, सोमवार

गळती नाही. शेपटी टेबलावर समोर घेऊन बसले. तपासायची साधी रीत म्हणजे दोन नंबरची आणि तीन नंबरची पिन तारेनं जोडायची. मग आपण पाठवलेलं आपल्यालाच परत येतं. मी माझं नाव पाठवलं, नाव परत आलं. पोर्ट ठणठणीत. तार काढली, टोपी घातली. ११.५२ ला ओळी सुरू.

आज सगळ्या ओळी साठवून शनिवारच्या ओळींशी ताडून पाहिल्या. दशांशापर्यंत त्याच. घंटा १२.०५ पासून सारखी वाजते, तीननंतर विरळ होते, शेवटची ४.१७ ला. त्यानंतर एकदाही नाही. तापमान मात्र खाली खाली जात राहतं.

आणि प्रत्येक ओळीवर तारीख आहे ०१-१०-२५. बाकीच्या सात डब्यांच्या तारखा बरोबर आहेत.

१७ सप्टेंबर, बुधवार

सांगलीला जाऊन कार्ड बदलून आणलं. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि ताई, जोडलेलं नसताना माहिती येत असेल तर उलट तुमचा फायदाच आहे म्हणून हसला. मीही हसले. परतताना सबंध एसटीभर मला हेच वाटत होतं की नव्या कार्डानं मिटलं पाहिजे, नाहीतर मला काम येत नाही असं ठरेल.

बसवलं. ड्रायव्हर पुन्हा टाकला. ११.५२ हुकली होती, पण ओळी मधूनच सुरू झाल्या, पावणेदोनपासून. त्याच.

२० सप्टेंबर, शनिवार

कुणीतरी जुनी फाईल चालवून माझी चेष्टा करतंय असं समजून कॉम्प्युटर कोरा केला. इंटरनेटची वायर काढली. सगळं पहिल्यापासून घातलं. ११.५२.

दुपारी डबा खाताना समोरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. एक ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी. त्या दिवशी आठवं चेंबर सुरू होणार आहे. बंद चेंबर पहिल्यांदा सुरू केलं की तापमान असंच उतरतं, अठ्ठावीसवरून खाली.

म्हणजे ह्या ओळी जुन्या नाहीत. त्या दिवशी ते चेंबर चालू होईल तेव्हा आत कुणीतरी असेल. चार तास बारा मिनिटं घंटा वाजवेल.

मला भीती वाटते आहे. हे इथे लिहून टाकते, कारण कुणाला सांगितलं तर नोकरी लागून बारा दिवस नाही झाले आणि हिचं डोकं फिरलं म्हणतील.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. सकाळी अंजनाताईंनी घट बसवला. मग आम्ही दोघी कामाला निघालो आणि मी वाटेत पाहिलं, त्यांच्या पायात चपला नाहीत. खडीवरून बिनघोर चालल्या होत्या. म्हणाल्या, "नऊ दिस अनवाणी ऱ्हायचं. पोरगा फौजेत गेल्यापासनं धरलंय."

मी जागीच थांबले. पायात चपला नाहीत म्हणजे दारासमोर चपला नाहीत. म्हणजे आत कुणी नाही. लावायची कडी.

माणूस कोण ते आता मला कळलं आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

आठव्या चेंबरचा डबा बसवला, शेपटी जोडली. सकाळभर खऱ्या ओळी आल्या, आजच्या तारखेच्या. ११.५२ ला तारीख उडी मारून पुढे गेली.

चेंबर आतून पाहिलं. नवा रंग दिलेला, दोन्ही बाजूंना रिकामे रॅक, शेवटच्या भिंतीवर गार हवेचे पंखे. भिंती सहा इंच फोमच्या, आत फोनला रेंज येत नाही. दार आतून उघडायचा दांडा गोल फिरतो, पकडत मात्र नाही. मेकॅनिकला विचारलं, तो म्हणाला, पार्ट कोल्हापूरहून यायचाय, दसरा होऊन जाऊ द्या.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

लालासाहेबांना सगळं सांगितलं. पाऊण तास माझ्या शेजारी बसून त्यांनी ओळी पाहिल्या. घंटा एक झाली की त्यांचा हात आपोआप मिशीवर जायचा. शेवटी उठले. "म्याडम, मशीन हाय, चुकतंय. दसऱ्याला मक्याची गाडी दारात उभी ऱ्हानार. मी सवता कडी लावीन, आत बघून लावीन, मग तर झालं?" मी दांड्याचं पुन्हा सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं ह्यात फरक असतो.

तानाजीरावांना म्हटलं, अनवाणी माणसांसाठी दाराशी दुसरं काही ठेवायचा नियम करू, निदान टॉवेल. ते म्हणाले, चार दिवसांकरता कशाला नवं खूळ.

२८ सप्टेंबर, रविवार

अंजनाताईंना सांगितलं. आधी हसल्या. मग माझा चेहरा पाहून हसायच्या थांबल्या, माझे हात धरले. "देवीचं दिस हायती, मला काय हुतंय? बरं, न्हाई जात मी त्या आठ नंबरात. देवीची आन." मी रडले. सख्ख्या मावशीसाठी रडले नसते एवढी रडले.

त्या दिवशी कोल्डवर येऊच नका म्हटलं. पूजेच्या रांगोळ्या कोण काढणार म्हणाल्या.

२९ सप्टेंबर, सोमवार

११.५२. १२.०५. ४.१७.

वेळा आता पडद्याकडे न बघता कळतात.

३० सप्टेंबर, मंगळवार

ठरलं ते असं. उद्या ताईंना नजरेआड करायचं नाही. दुपारी साडेबाराच्या गाडीनं मी घरी निघणार असं सगळ्यांना सांगितलंय, पण ११.५२ टळल्याशिवाय हलणार नाही. मेढ्याला उशिरा पोचले तरी चालेल. ही रोजनिशी कुडत्याच्या खिशात मावते, जवळच ठेवीन. सगळं नोंदवून ठेवलं तर पुढे कुणीतरी मानेल.

ताई शेजारच्या खोलीत आरती म्हणताहेत. आवाज चांगला आहे त्यांचा.

१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी १०.३०

मशीनची पूजा मांडली. पाटावर हमालांचे लोखंडी आकडे, मेकॅनिकचे पाने, माझा मल्टिमीटर, सगळ्यांना हळदकुंकू. तानाजीरावांनी अंगण धुवून घेतलं. मशीनपुढे पायताण दिसायला नको म्हणून सगळ्यांच्या चपला गोळा करून गेटपाशी नेऊन ठेवल्या. माझे बूट मी पायातून काढू दिले नाहीत. ते रागावले.

ताई माझ्या समोर रांगोळी काढताहेत.

११.२५

लालासाहेबांनी कॉम्प्युटर बंद केला! मी ओरडले, तर म्हणाले आजच्या दिवशी हत्याराला विसावा द्यायचा, उद्या दसऱ्याला पूजा उतरली की चालू. पडद्याला गंधाची पाच बोटं ओढली, वर झेंडूची माळ. आता आठवा पोर्ट बघायला काही नाही. माझं भांडण होईपर्यंत —

ताई कुठे गेल्या?

दुपारी १२.०३

नीट लिहिते. नीट लिहिलं पाहिजे.

ताई अंगणात नव्हत्या. नळावर नव्हत्या. ११.४५ झाले होते. आठव्या चेंबरचं दार उघडं होतं. दाराशी ओल्या अनवाणी पावलांचे ठसे, आत गेलेले. बाहेर आलेले नाहीत. आत शेवटच्या भिंतीपाशी पंख्यांखाली हळदकुंकवाचं ताट दिसत होतं. मी हाका मारल्या. अंगणात हलगी सुरू झाली होती, मलाच माझा आवाज ऐकू येईना.

बूट काढून दारासमोर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. दार मिटू नये म्हणून फटीत वीट लावली. आत धावत गेले. रॅकच्या मागे, खाली, सगळीकडे पाहिलं. भिंतीला पाच बोटं कुंकवाची होती. ताई नव्हत्या.

मग दार बंद झाल्याचा आवाज आला. मनगटावरच्या घड्याळात ११.५२ झाले होते. तेव्हापासून दार बडवत होते.

१२.०६

घंटा दाबली. दाबताना आठवलं, १२.०५.

कॉम्प्युटर बंद आहे. माळ घातलेला.

१२.२०

पावलं आत जाताना ओली होती. येताना वाळली होती. एवढं साधं. त्या ताट ठेवून केव्हाच बाहेर गेल्या होत्या. शपथ मोडून. मुहूर्ताच्या चेंबरात कुंकू लावल्याशिवाय त्यांना राहवलं नसणार.

अंजनाताई वाचल्या. हे मोठ्या अक्षरात लिहावंसं वाटतं. त्या वाचल्या.

आणि बूट — देवाच्या दारासमोर बूट आणि वीट कोण राहू देईल? तानाजीरावांनी उचलून गेटपाशी ठेवले असणार. मग लालासाहेबांनी दाराशी पाहिलं असेल, आत डोकावले तेव्हा मी रॅकमागे असणार. आत कोण न्हाई. लावायची कडी.

१.१०

दांडा फिरवून हाताची सालं गेली. दारावर ताटानं ठोकलं. फोमवर आवाज होतच नाही. पंखे चालू. दिवा बाहेरून बंद केलाय, फोनच्या उजेडात लिहिते.

नारळ फोडून सगळे घरी गेले असतील. मी साडेबाराच्या गाडीनं गेले असंच समजतील. पण माझी पिशवी ताईंच्या घरी आहे. ताई इथून मंडळाच्या देवीला जाणार, सहाला घरी. पिशवी बघतील, आणि त्या हुशार आहेत. त्यांना सगळं सांगितलेलं आहे. त्या थेट इथे येतील.

सहापर्यंत टिकायचं. फक्त सहापर्यंत.

२.०५

चालते आहे. पंख्यांपासून दारापर्यंत साठ पावलं. पायमोजे ओले झाले. उणे असेल आता. किती ते मला पाठ आहे पण आठवायचं नाही.

दर फेरीला घंटा.

२.५०

फोन गेला. थंडीनं. बटणाचा लाल दिवा आहे, त्याखाली लिहिते. पेन चालत नाही. शेपट्यांची पेन्सिल आहे खिशात.

आई बसस्टँडवर —

३.२५

बसले होते. बसायचं नाही. किती वेळ बसले? मधे घंटा दाबली नाही. तीननंतर विरळ. तसंच होतंय, मी करतेय म्हणून तसं होतंय. मी नाही करणार तसं.

उठले.

३.५८

आता गार वाटत नाही. हे वाईट आहे. मला माहीत आहे हे वाईट आहे.

ताईंचा आवाज आला आरतीचा. नाही. पंखे.

४.०९

विचार केला. ४.१७ शेवटची. त्यानंतर शून्य. पण ओळ मी लिहिते ना. बटण माझ्या हाताखाली आहे. ४.१८ ला दाबली तर ती ओळ खोटी. मग सगळ्याच खोट्या. मग सहा वाजतील.

एवढंच करायचं. एकदा दाबायची. ४.१८ ला.

४.१४

उभी आहे. खांदा भिंतीला लावून. बोट बटणावर. डाव्या हातानं लिहि

४.१६

झोप येते आई

४.१७ दाबली

एकच मिनिट आता. बोट काढलं नाही. बोट आहे तिथेच आहे दिसतंय मला ते. दिव्यावर. आता अठरा व्हायची फक्त वाट आणि मग दा